परदेशी ब्रँडची नावं नीट उच्चारायची कशी? इंग्रजी बाजूला ठेवून शिकायची पद्धत

बारामती, दौंड, इंदापूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या तीनचाकीला सगळे 'ॲपे' म्हणतात. ही प्याज्जो या इटालियन कंपनीची गाडी. इटलीत ती १९४८ साली आली आणि आता खुद्द बारामतीत तयार होते. इटालियन लोक तिला 'आपे' म्हणतात, म्हणजे आपले रिक्षावाले मूळ उच्चाराच्या अगदी जवळ आहेत. हेच नाव एखाद्याने इंग्रजीच्या सवयीने वाचलं, तर तो 'एप' म्हणेल आणि शेवटचा 'ए' गिळून टाकेल. रिक्षावाल्यांनी नाव कानाने घेतलं, म्हणून त्याचे दोन्ही स्वर शाबूत राहिले.

माझं म्हणणं यातच आलं. परदेशी नावं उच्चारताना अडचण मराठी जिभेची नसते. लागणारे बहुतेक ध्वनी आपल्याकडे आहेत, काही तर इंग्रजीत नसलेलेही आहेत. अडचण होते ती मूळ भाषा आणि आपण यांच्यामध्ये इंग्रजी वाचन उभं राहतं म्हणून. ते बाजूला केलं की चार-पाच नियमांत एकेका भाषेची डझनावारी नावं सुटतात.

याची फिकीर कशाला करायची, असं काही जण विचारतात. परदेशात राहणाऱ्या काळे आडनावाच्या माणसाला विचारून पाहा. रोमन लिपीतलं त्याचं आडनाव वाचून लोक त्याला 'केल' या भाजीच्या नावाने हाक मारतात. ब्रँडची नावंही पुष्कळदा माणसांची आडनावंच असतात. रनो, पोर्शऽ, गुच्ची, सित्रोएन ही खरीखुरी माणसं होती. आपल्या आडनावाबद्दल जी अपेक्षा आपण ठेवतो, ती दुसऱ्याच्या नावाबाबत पाळणं मला आवश्यक वाटतं. शिवाय मुलाखतीत, शोरूममध्ये, भाषांतरात, बातमीपत्र वाचताना याचा रोजचा उपयोग आहेच.

नीट उच्चार म्हणजे फ्रेंच माणसाची नक्कल नव्हे, हे मात्र आधीच ठरवून घ्या. मराठी तोंडातून, मराठी लयीत, पण नावातले स्वर आणि व्यंजनं योग्य यावीत, एवढंच ध्येय आहे. घशातला फ्रेंच 'र' आला नाही तरी काही बिघडत नाही. मुका 'टी' मोठ्याने म्हटला तर मात्र नाव बदलतं.

खाली रोमन अक्षरांचा उल्लेख त्यांच्या इंग्रजी नावांनी केला आहे: सी-एच, जी-एन, डब्ल्यू, असा.

पहिली पायरी: नाव कुठल्या भाषेचं आहे ते शोधा

कंपनी कुठल्या देशातली, हा प्रश्न पुरेसा नाही. स्वित्झर्लंडचंच पाहा. तिथे जर्मनही बोलतात आणि फ्रेंचही. 'टाग हॉयर'मधला हॉयर जर्मन नियमांनी वाचावा लागतो, तर 'तिसो' आणि 'उब्लो' ही घड्याळं फ्रेंच नियमांनी. उब्लोच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आणि शेवटी टी आहे, दोन्ही मुके.

फेरेरो ही इटलीतल्या आल्बा गावची कंपनी. तिचाही कारखाना बारामतीत आहे. पण तिच्या सोनेरी कागदातल्या चॉकलेटचं दुसरं नाव फ्रेंच आहे. म्हणून 'फेरेरो' इटालियन पद्धतीने आणि 'रोशे' फ्रेंच पद्धतीने. एकाच डब्यावर दोन भाषा.

बुल्गारी या दागिन्यांच्या पेढीची गोष्ट आणखी वेगळी. सोतिरिओस वुल्गारिस नावाच्या ग्रीक चांदीकाराने १८८४ मध्ये रोममध्ये दुकान काढलं. पाटीवर प्राचीन लॅटिन वळणाने 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात, म्हणून वाचणारा अडखळतो. उच्चार 'बुल्गारी', आणि जोर पहिल्याच अक्षरावर.

सगळ्यात लांबचा प्रवास हायरचा. १९८४ मध्ये चीनमधल्या छिंगताओ शहरातल्या फ्रिजच्या कारखान्याने लीबहेर या जर्मन कंपनीशी करार केला. लीबहेरचं चिनी लिप्यंतर झालं, त्याची शेवटची दोन अक्षरं कंपनीचं नाव बनली आणि पुन्हा रोमन लिपीत आली. त्याच हायरचा कारखाना आज पुण्याजवळ रांजणगावला आहे. अशा नावाला मूळ जर्मन उच्चार लावत बसू नये. नाव आता चिनी आहे.

भाषा शोधण्यासाठी कंपनीच्या संस्थापकाचं नाव आणि गाव पाहा. विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदीत पहिल्या परिच्छेदातच ते सापडतं.

दुसरी पायरी: नावाची जात ओळखा

आडनाव असेल तर त्या भाषेचे नियम चालतात. आद्याक्षरांचं नाव असेल तर दोन शक्यता. काही नावं शब्दासारखी वाचतात. फियाट हे तोरिनोच्या इटालियन मोटार कारखान्याच्या नावाचं लघुरूप, इटालियनमध्ये 'फीआत'. ईकेआ या नावात संस्थापक इंग्वार काम्प्रादची दोन आद्याक्षरं, मग त्याचं शेत आणि त्याचं गाव यांची. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात दुकान उघडलं तेव्हापासून आपल्याकडे 'आयकिया' रुळलं आहे, पण स्वीडनमध्ये ते 'ईकेआ'च. काही नावं मात्र अक्षर-अक्षर वाचतात, आणि तीही त्या देशाच्या अक्षरनावांनी: म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यू 'बे-एम-व्हे' असते, ऑस्ट्रियात केटीएम 'का-टे-एम'. अशा नावांना इंग्रजी अक्षरांनी म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. अक्षरांची नावं प्रत्येक भाषा आपली वापरते.

जोडून बनवलेल्या नावाचा उच्चार त्याच्या तुकड्यांतून कळतो. आडोल्फ डासलरचं लाडकं नाव 'आडी', त्याला आडनावातलं 'डास' जोडलं की 'आडिडास', जोर पहिल्या 'आ'वर. एसूस या तैवानच्या कंपनीने नाव पेगॅसस या ग्रीक पुराणातल्या पंखवाल्या घोड्याच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांवरून घेतलं. नायकी ग्रीक विजयदेवतेचं नाव आहे, म्हणून 'नाईक' नाही. संस्थापक फिल नाईट यांनी २०१४ मध्ये दोघांच्या पत्राला उत्तर देताना हाच उच्चार बरोबर असल्याचं कळवलं होतं.

आणि काही नावांना मूळच नसतं. हागेन-डाझ हे आइस्क्रीम डॅनिश वाटतं, पण ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रूबेन मॅटस यांनी मनाने रचलेलं नाव आहे. डॅनिश भाषेत असं स्पेलिंगच होत नाही. तिथे कंपनी जे म्हणते तेच प्रमाण.

तिसरी पायरी: अक्षरांवरच्या खुणा परत आणा

इंग्रजी टंकलेखनात खुणा गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर उच्चारही. सित्रोएनमधल्या ई-वर दोन टिंबं असतात. 'ओ आणि ई एकत्र वाचू नका' असं ती सांगतात, म्हणून 'सित्रोन' नाही, 'सि-त्रो-एन'. नेस्लेच्या शेवटच्या ई-वर तिरकी रेघ असते, म्हणून तो 'ए' उच्चारायचा. एर्मेस या फ्रेंच फॅशनघराच्या नावात दुसऱ्या ई-वर उलटी तिरकी रेघ असते. चेक भाषेत एस-वर छोट्या उलट्या टोपीसारखी खूण आली की त्याचा 'श' होतो: छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात ज्या कंपनीच्या गाड्या जुळवल्या गेल्या ती मुळात 'श्कोडा'.

मूळ स्पेलिंग खुणांसह बघायचं असेल तर कंपनीच्या मायदेशातल्या संकेतस्थळावर जा. भारतीय संकेतस्थळावर त्या खुणा बहुधा गाळलेल्या असतात.

चौथी पायरी: आधी 'त-द' की 'ट-ड' ते ठरवा

ही पायरी इतर भाषांच्या मार्गदर्शकांत सापडणार नाही, कारण ती खास आपल्यासाठी आहे. इंग्रजी टी-डी आपल्या कानाला ट-ड वाटतात, म्हणून आपण जगातल्या प्रत्येक टी-डीला ट-ड करतो. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांत जीभ दाताला लागते. तिथे सरळ त आणि द. जपानी आणि कोरियनलाही त-दच जवळचे. जर्मन आणि इंग्रजी नावांना ट-ड चालतात. एवढ्या एका बदलाने दिओर, कार्त्ये, दुकाती, तोयोता ही नावं निम्म्याहून अधिक सुधारतात.

मराठीचा दुसरा ठेवा म्हणजे दोन प्रकारचे च आणि ज. 'चार'मधला च वेगळा आणि 'चोर'मधला वेगळा. 'जीव'मधला ज वेगळा, 'जोर'मधला वेगळा. 'चोर'मधला दंत्य च हा थेट जर्मन झेडचा आणि जपानी टी-एसचा उच्चार आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला तो मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो दिवसभर वापरतो. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून आपल्या टिपणात दंत्य अक्षराखाली नुक्ता द्या: च़, ज़. पुढे मीही तसंच करतो.

आता भाषावार नियम.

फ्रेंच

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो आणि सर्वांत जास्त फायदाही इथेच. शेवटचे टी, डी, एस, एक्स बहुधा मुके असतात. ए-यू, ई-ए-यू आणि ए-यू-एल-टी यांचा 'ओ' होतो. एवढ्यावर तीन नावं सुटतात: रनो, पजो आणि दासो. रनोमधला पहिला स्वर आपला साधा 'अ' आहे; 'रेनो' हे त्याचं भारतीय रूप. दासो ही राफाल विमानांची कंपनी, नागपूरच्या मिहानमध्ये तिचा संयुक्त कारखाना आहे. 'डसॉल्ट' असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, पण त्यातले एल आणि टी दोन्ही मुके. बीएनपी पारिबा या बँकेच्या नावातला शेवटचा एसही तसाच मुका.

शब्दाच्या शेवटी ई-आर किंवा ई-टी आले की 'ए': कार्त्ये, गार्न्ये. सी-एच म्हणजे श: शानेल, मिशलँ. जे, आणि ई किंवा आयच्या आधीचा जी, यांचा ध्वनी मराठीत नाही. 'टेलिव्हिजन' शब्द इंग्रज माणूस जसा म्हणतो त्यातला तो घासून येणारा ज. जमला नाही तर ज़ म्हणा, चालतं. पजोमध्ये हाच आहे, झिव्हाँशीमध्येही. ओ-यू म्हणजे ऊ, ओ-आय म्हणजे वा, क्यू-यू म्हणजे फक्त क, जी-एन म्हणजे न्य, टी-एच म्हणजे त. एच कायम मुका.

शब्दाच्या शेवटी ई असेल आणि त्यावर खूण नसेल, तर तो ई मुका, पण त्याच्या आधीचं व्यंजन बोलकं होतं. लाकोस्त या नावात टी ऐकू येतो तो यामुळे. इथे ओठावर 'लाकोस्टे' येतं, ते इटालियन वळण झालं.

राहिले अनुनासिक स्वर. ए-एन आणि ई-एन यांचा आँ, ओ-एनचा ओं, आय-एन आणि ए-आय-एन यांचा अँ. यात 'न' वेगळा ऐकू येता कामा नये. प्रमाण मराठीतून असे स्वर जवळजवळ गेले आहेत, पण कोकणीत आजही ठसठशीत आहेत. गोव्यातला वाचक 'हांव' म्हणताना जे करतो तेच इथे करायचं. मग देकातलों, लुई व्हुइतों, सँ-गोबँ, ईव्ह सँ लोराँ ही नावं जमतात. पुढे स्वर आला तर मात्र न साधा राहतो: शानेल, दानोन.

नियम मोडणारी नावंही आहेत. एर्मेसमधला शेवटचा एस उच्चारतात. सित्रोएनमधला शेवटचा न पूर्ण उच्चारतात. आडनावांत अशा जुन्या सवयी टिकून राहतात, म्हणूनच शेवटी ऐकून पडताळायची पायरी टाळू नये.

जर्मन

जर्मन स्पेलिंग इमानी आहे. नियम कळला की फसवत नाही. डब्ल्यू म्हणजे व्ह, व्ही म्हणजे फ. चाकणला २००९ पासून गाड्या बनवणारी कंपनी म्हणून 'फोल्क्सव्हागन'. मधला एल आपण गाळतो, तो ठेवा. झेड म्हणजे च़: च़ाइसच्या भिंगांत तो सुरुवातीला, 'मेर्च़ेदेस-बेन्च़'मध्ये शेवटी. मेर्च़ेदेस नावातला मधला च़ मात्र झेडचा नाही, ई-च्या आधीच्या सीचा आहे. नाव मुळात स्पॅनिश; एमील येलिनेक या व्यावसायिकाच्या मुलीवरून गाडीला दिलं, आणि जर्मन लोक ते आपल्या पद्धतीने वाचतात.

स्वरापूर्वीचा एस ज़ होतो: 'ज़ीमेन्स'. ई-आय म्हणजे आय आणि आय-ई म्हणजे ई, या दोन जोड्यांत गल्लत करू नका. ई-यू म्हणजे ऑय. ए-यू म्हणजे आउ: 'आउडी', 'ब्राउन'. एस-सी-एच म्हणजे श: नाशिककरांना 'बॉश' सांगायला नकोच. शब्दाच्या आरंभी एस-टी आणि एस-पी यांचे श्ट आणि श्प. जे म्हणजे य.

शेवटचा ई जर्मनमध्ये मुका नसतो. तो हलक्या 'अ'सारखा ऐकू येतो. आपली अडचण अशी की मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपोआप गळतो; 'राम' लिहितो आणि राम् म्हणतो. म्हणून 'पोर्श' असं लिहिलं की एकच अक्षर तोंडातून निघतं. टिपणात अवग्रह घाला: 'पोर्शऽ', 'मीलऽ', 'डॉइचऽ बांक'.

इटालियन

मराठी माणसाला सगळ्यांत सोपी. प्रत्येक स्वर बोलायचा, शेवटचासुद्धा. जोडव्यंजन खरंच जोडून म्हणायचं: 'कच्ची' म्हणतो तसं 'गुच्ची'. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे द्वित्व कठीण जातं, आपल्याला नाही.

सी आणि जी यांच्यापुढे ई किंवा आय आला की च आणि ज. मध्ये एच आला की पुन्हा कठोर क आणि ग. त्यामुळे 'वेर्साचे' आणि 'दोल्चे', पण 'मोस्कीनो' आणि 'लाम्बोर्गीनी'. सी-आय किंवा जी-आय यांच्यापुढे आणखी स्वर असेल तर तो आय नुसता खूण म्हणून असतो, त्याचा वेगळा उच्चार नसतो. 'पियाजिओ' न होता 'प्याज्जो' होतं ते यामुळे. जी-एन म्हणजे न्य, म्हणून सूटांची ती कंपनी 'ज़ेन्या', 'झेग्ना' नाही. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज

स्पॅनिशमध्ये एच मुका, जे म्हणजे घशातून येणारा ह, दोन एल म्हणजे य, आणि झेड स्पेनमध्ये थ-सारखा तर लॅटिन अमेरिकेत स. गॅलिशियातल्या आ कोरुन्यात १९७५ मध्ये सुरू झालेलं दुकान तिथे 'थारा' असतं. आपण 'झारा' म्हणतो, आणि ते इतकं रूढ आहे की बदलायचा आग्रह मी धरणार नाही. पोर्तुगीजसाठी पणजीत फिरलेल्या माणसाला फार शिकवावं लागत नाही. एक्सचा श आणि एन-एचचा न्य होतो, हे तिथल्या आडनावांत आणि वाड्यांच्या नावांत रोज दिसतं. ब्राझीलच्या चपला 'आवायानास', एच मुका.

चिनी

चिनी नावं रोमन लिपीत लिहिण्याची 'पिनयिन' पद्धत १९५८ पासून आहे आणि ती इंग्रजी वाचकासाठी बनवलेली नाही. तिच्यात बी-डी-जी म्हणजे आपले अल्पप्राण प-त-क, आणि पी-टी-के म्हणजे महाप्राण फ-थ-ख. हा फ 'फळ'मधला, दात-ओठाचा नव्हे. इंग्रजांना हा भेद वेगळा कानावर येत नाही, आपल्या वर्णमालेत तो शेजारी-शेजारी मांडलेला आहे. म्हणून 'बाइदू' हे खरं तर 'पाइतू'च्या जवळ. एक्स म्हणजे पातळ श: 'श्याओमी'. क्यू म्हणजे छ: वर आलेलं छिंगताओ. ह्वावेइमध्ये दोनच अक्षरं आहेत, 'हु-आ-वे-ई' अशी चार करू नयेत. चिनी सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, ब्रँडनावांसाठी सोडून द्या.

जपानी आणि कोरियन

जपानीत पाच स्वर: आ, इ, उ, ए, ओ. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ द्यायचा आणि कुठेही दणका द्यायचा नाही. 'निस्सान'मध्ये स जोडलेला. 'मिच़ुबिशी'मध्ये चोरातला च. माज़्दा ही जुजिरो माच़ुदा यांची कंपनी, आणि जपानात आजही ती 'माच़ुदा'च आहे.

कोरियनमध्ये आपली ॲ आणि ऑ ही चिन्हं कामी येतात. ज्या कंपनीने तळेगावचा मोटार कारखाना घेतला तिचं नाव 'ह्यॉन्दे'च्या जवळ जातं. ब्रिटनमध्ये लोक वेगळंच म्हणत, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने जाहिरात करून त्यांना मूळच्या जवळचा उच्चार सांगितला. भारतात ती स्वतः 'ह्युंदाई' लिहिते. सॅमसंगचं मूळ 'साम्सॉङ'.

पाचवी पायरी: देवनागरीत लिहून काढा

नियम लावून झाले की नाव लगेच बोलू नका. आधी देवनागरीत लिहा आणि मग रोमन स्पेलिंगकडे न पाहता वाचा. डोळ्यांसमोर रोमन अक्षरं असेपर्यंत शाळेतली इंग्रजी वाचायची सवय आत घुसते. लिहिताना दंत्य च-ज ला नुक्ता, शेवटच्या अ-ला अवग्रह, अनुनासिकाला चंद्रबिंदू आणि जोराच्या अक्षराखाली रेघ, एवढ्या खुणा पुरतात. मजकूर छापायचा असेल तर त्या काढून टाका. वाचकाला त्यांची गरज नाही.

सहावी पायरी: ऐका, पण कुणाचं ऐकायचं ते निवडा

फोर्वो नावाच्या संकेतस्थळावर त्या त्या भाषेच्या माणसांनी बोललेले शब्द सापडतात. बोलणाऱ्याचा देशही दिलेला असतो, तो पाहून घ्या. त्याहून भरवशाचं म्हणजे कंपनीची मायदेशातली जाहिरात. शोधताना देशाचं नाव आणि त्या भाषेतला 'जाहिरात' हा शब्द घाला. अधिकाऱ्यांच्या मुलाखती, कारखान्याच्या वर्धापनदिनाची भाषणं यांतही नाव सहज, न सजवता येतं. भाषांतराच्या ॲपमध्ये भाषा फ्रेंच किंवा जर्मन निवडून नाव टाकलं तर आडनावांचा उच्चार बराच बरा येतो, रचलेल्या नावांचा येत नाही.

'हे नाव असं उच्चारा' छापाचे जे छोटे व्हिडिओ असतात, त्यांत यंत्राचा आवाज पुष्कळदा इंग्रजी नियमांनीच वाचत असतो. त्यांच्यावर विसंबू नका. निदान दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकच उच्चार आला की थांबा. पुण्या-मुंबईत असाल तर माक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज इथले शिक्षक असे प्रश्न आनंदाने सोडवतात.

सातवी पायरी: कुठे कोणता उच्चार वापरायचा

एका नावाचे तीन उच्चार असू शकतात: मायदेशातला, कंपनीने भारतात स्वीकारलेला, आणि लोकांत रुळलेला. मी पुढचा नियम पाळतो. नाव मराठीत मुरलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. झ्लीन गावात १८९४ मध्ये तोमाश बात्या यांनी जोडे शिवायला सुरुवात केली. पण 'बाटा' हा आता आपला शब्द आहे, चेक भाषेतला 'बात्या' इथे कुणालाच कळणार नाही. फियाट, झेरॉक्स यांचंही तेच.

कंपनीत नोकरीसाठी मुलाखत असेल तर त्या कंपनीचे भारतातले अधिकारी काय म्हणतात ते आधी ऐका आणि तेच वापरा. मायदेशातून आलेल्या पाहुण्याशी बोलताना मूळ उच्चार. आकाशवाणी, पॉडकास्ट, वर्ग अशा जागी मूळच्या जवळचा उच्चार घ्या, आणि पहिल्यांदा घेताना रुळलेलं नावही एकदा जोडीला सांगा, म्हणजे ऐकणारा चुकत नाही: 'पजो, म्हणजे आपण प्युजो म्हणतो ती कंपनी.'

दुकानात विक्रेत्याने वेगळं म्हटलं तर त्याला सुधारायला जाऊ नका. तो त्याच्या साहेबांनी शिकवलेलं म्हणतो आहे, आणि गिऱ्हाईकासमोर त्याला ओशाळं करणं वाईट. तुम्ही तुमचा उच्चार सहजपणे वापरा. पटला तर तो उचलेल.

एक अवघड नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सगळ्या पायऱ्या एकत्र लावून पाहू. पॅरिसमधल्या एका फॅशनघराचं स्पेलिंग असं: एस-सी-एच-आय-ए-पी-ए-आर-ई-एल-एल-आय. पाहिल्याबरोबर जर्मन एस-सी-एच डोळ्यांत भरतो आणि तोंडातून 'श्या' निघतं. कंपनी फ्रान्सची आहे हे कळल्यावर फ्रेंच नियम लावावेसे वाटतात. पण पहिली पायरी संस्थापकाकडे पाहायला सांगते. एल्सा नावाची ही बाई १८९० मध्ये रोममध्ये जन्मली, पॅरिसला गेली आणि १९२७ मध्ये तिने स्वतःचं घर उभं केलं. आडनाव इटालियन, खुणा काही नाहीत. म्हणजे इटालियन नियम.

इटालियनमध्ये सी-एच म्हणजे कठोर क. त्यामुळे एस-सी-एच हा 'स्क', मोस्कीनोमध्ये पाहिला तोच. पुढे आय आणि ए मिळून 'या': 'स्क्या'. मग 'पा'. मग 'रे'. दोन एल आहेत, ते जोडून, आणि शेवटचा आय पूर्ण: 'ल्ली'. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'रे'वर. वहीत लिहा: स्क्यापारेल्ली. स्पेलिंग झाका, तीनदा वाचा, मग एखाद्या इटालियन मुलाखतीत हे नाव शोधून कानाने ताडून पाहा.